नेपल्स: संग्रहालय की पॉम्पेई? आणि शाकाहारी आईचं काय?

पायवाट

मंडळी, दिवाळीच्या सुट्टीत इटलीला चाललोय. रोम, फ्लॉरेन्स, व्हेनिस हे नेहमीचंच, पण नवऱ्याने मध्ये नेपल्सच्या दोन रात्री घुसवल्या आहेत. त्याला शाळेपासून ज्वालामुखीखाली गाडल्या गेलेल्या पॉम्पेई या रोमन शहराचं वेड. मला नेपल्सबद्दल एवढंच ठाऊक की पिझ्झा चांगला मिळतो आणि पाकीट मारलं जातं.

बरोबर बारा वर्षांचा मुलगा आणि माझी आई. आई अडुसष्टची आहे, सपाट रस्त्यावर आमच्या पुढे चालते, पण दगडधोंडे आले की कुरकुर सुरू. खाण्यात शुद्ध शाकाहारी, अंडंसुद्धा नाही. कांदा-लसूण चालतं.

पोचू त्या दिवशीची दुपार आणि दुसरा पूर्ण दिवस हातात आहे. पूर्ण दिवस पॉम्पेईला जाणार हे नवऱ्याने ठरवून टाकलंय. मग त्या दुपारी तिथलं पुरातत्त्व संग्रहालय बघावं, की नुसतं गावात भटकावं आणि खावं? ऑफिसातली एक म्हणते, पॉम्पेई बघितलं की म्युझियममध्ये पुन्हा तेच. खरंय का? आणि बघायचंच तर आधी की नंतर? खाण्याबद्दल जे माहीत असेल ते सगळं सांगा. आईसाठी पोह्यांची पाकिटं न्यायची वेळ येऊ नये अशी फार इच्छा आहे.

दुर्बीण

ऑफिसातल्या बाईंना म्हणावं, नेमकं उलटं आहे. पॉम्पेईत घरं आहेत, घरातलं सामान नेपल्सला आहे.

पॉम्पेईत 'फॉनचं घर' (फॉन म्हणजे रोमन वनदेव) म्हणून एक प्रचंड वाडा आहे. तिथे जमिनीवर अलेक्झांडर आणि दारियसच्या लढाईचं मोझेक दिसतं, लोक वाकून वाकून फोटो काढतात, ती नक्कल आहे. अस्सल मोझेक १८३१ मध्ये सापडलं आणि १८४३ मध्ये नेपल्सला हलवलं. अंगणातला नाचणारा छोटा फॉनसुद्धा तिथे नकली, खरा संग्रहालयात. म्हणून माझं मत: आधी पॉम्पेई, नंतर संग्रहालय. रिकाम्या भिंती बघितल्याशिवाय त्या चित्रांची किंमत कळत नाही.

उगाचच

संग्रहालय मंगळवारी बंद असतं. एवढंच सांगायला आलो होतो. चालू द्या.

जोशीकाका

स्पष्ट बोलतो, राग नसावा. नेपल्स गलिच्छ आहे. भिंती रंगवून ठेवलेल्या, रस्त्यावर स्कूटरवाले अंगावर येतात, कचरा. रोमहून पहाटे निघावं, पॉम्पेई करावं, रात्री रोमला परत. आम्ही तसंच केलं. वयस्कर बाई बरोबर असताना कशाला नसती उठाठेव?

रस्सेदार

काका, स्कूटर अंगावर येतात म्हणून शहर वर्ज्य करायचं असेल तर पुण्याच्या माणसाला घराबाहेरच पडता येणार नाही.

मिलानची_मावशी

मी उत्तरेत राहते आणि उत्तरेतले लोक नेपल्सबद्दल जोशीकाकांसारखंच बोलतात, तेव्हा काकांना इथे भरपूर मित्र मिळतील. :-)

पायवाट, पोह्यांची पाकिटं घरी ठेव. दक्षिणेत शाकाहाऱ्यांचे हाल होत नाहीत, फक्त चार ठिकाणी सावध राहायचं. सविस्तर लिहिते.

सगळ्यात निर्धास्त गोष्ट म्हणजे पिझ्झा मरिनारा. नावात समुद्र आहे म्हणून आपले लोक घाबरतात, पण त्यावर फक्त टोमॅटो, लसूण, ओरेगानो आणि ऑलिव्ह तेल. मासे नाहीत, चीजसुद्धा नाही. भट्टी साडेचारशे अंशांच्या आसपास तापलेली असते, पिझ्झा आत गेला की दीड मिनिटाच्या आत बाहेर. कडा फुगलेली आणि ठिकठिकाणी करपलेली, मध्यभाग इतका ओलसर की उचलला तर टोक लोंबतं. आपल्याकडच्या कुरकुरीत पिझ्झाची सवय असलेले म्हणतात 'कच्चा आहे'. कच्चा नसतो, असाच असतो. कापून देत नाहीत, काटा-सुरीने खायचा. रस्त्यावर छोटा घेतला तर चौघडी करून कागदात देतात, उभ्या उभ्या खायचा. हे पिझ्झा करण्याचं कसब २०१७ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलंय.

आता सापळे. 'जेनोव्हेसे' पास्ता: जेनोव्हाचा हिरवा पेस्टो समजून मागवाल, तर नेपल्समध्ये त्याचा अर्थ तासन्‌तास कांद्यात शिजवलेलं गोमांस. नेपल्सला गेलेल्या आपल्या शाकाहारी पाहुण्यांना मी सगळ्यात आधी हेच सांगते. 'पास्ता ए पताते', म्हणजे बटाटा घालून केलेला दाट पास्ता, वर धुरी दिलेलं प्रोव्होला चीज. अप्रतिम प्रकार, पण त्यात डुकराच्या मांसाचे तुकडे असू शकतात, विचारून घ्यायचं. 'फ्रियारिएल्ली' ही तिथली कडसर पालेभाजी, लसूण-मिरचीवर परततात. ती सॉसेजबरोबर जोडीने येते, तेव्हा 'कोंतोर्नो' म्हणजे तोंडीलावणं म्हणून एकटी मागवायची. आणि तारल्ली, मिरी-बदाम घातलेली खारी कडी. दिसायला निरुपद्रवी, पण पारंपरिक कृतीत डुकराची चरबी असते. पाकिटावर 'सुन्या' किंवा 'स्त्रुत्तो' लिहिलेलं दिसलं तर ठेवून द्या. ऑलिव्ह तेलातल्याही मिळतात.

तळलेला पिझ्झा आणि बटाट्याची क्रोके कशात तळलीत आणि आत सलामी आहे का, एवढं विचारा. 'सेन्झा कार्ने, सेन्झा पेशे, सेन्झा उओवा': मांस नको, मासे नको, अंडं नको. तिन्ही म्हणायचं, कारण नुसतं 'मी शाकाहारी' म्हटलं की अंडं आणि अँचोव्ही हे छोटे मासे चालतात असं धरून चालणारे बरेच.

वांगीभात

मावशींनी चीजचा विषय शिताफीने टाळला. मोझारेला आणि पार्मेजान वासराच्या पोटातल्या रेनेटने विरजतात. शुद्ध शाकाहारी म्हणायचं आणि मार्गारीटा खायची, हे कसं काय?

मिलानची_मावशी

टाळला नाही हो, पायवाटच्या आईने ठरवायचा विषय आहे म्हणून सोडला. तुमचं बरोबरच आहे. म्हशीच्या दुधाच्या अधिकृत शिक्क्याच्या मोझारेलात वासराचंच रेनेट असतं, पार्मेजानमध्येही. ज्यांना चालत नाही त्यांना मरिनारा आहेच. अंडं, चीज काहीच नको असेल तर पांढऱ्या घेवड्याचा किंवा चण्याचा पास्ता, भाजलेली वांगी, स्कारोला ही पालेभाजी. मात्र स्कारोलामध्ये अँचोव्ही असतो, विचारा.

पायवाट

आई पुण्यात सगळ्या प्रकारचं चीज खाते आणि रेनेट हा शब्द तिला माहीत नाही. मी सांगणारही नाही. वांगीभात, प्लीज हा धागा तिला पाठवू नका.

खापरतुकडा

पुरातत्त्व शिकलोय, त्यामुळे थोडं लांबेल.

दुर्बीण यांच्याशी अर्धा सहमत. मी म्हणेन आधी संग्रहालय. पॉम्पेईत पहिल्यांदा जाणाऱ्याला तासाभरात सगळ्या भिंती सारख्या दिसायला लागतात. आधी सामान डोळ्यांत भरलेलं असेल तर तिथल्या रिकाम्या खोल्यांत ते मांडता येतं. शिवाय तुम्ही दुपारी पोचणार, संग्रहालय संध्याकाळी साडेसातपर्यंत उघडं असतं. पॉम्पेई उन्हाचं आणि पायांचं काम आहे, ते सकाळी.

खालच्या मजल्यावर फार्नेझे संग्रह. हा पॉम्पेईचा नाही, रोमचा. पोप तिसरे पॉल यांच्या घराण्याने जमवला, पुढे आईकडून वारशाने नेपल्सचा बूर्बों घराण्यातला राजा चार्ल्स याच्याकडे आला, असा नेपल्सला पोचला. 'फार्नेझे बैल' बघाच: प्राचीन काळातलं आजवर हाती लागलेलं सगळ्यात मोठं एकसंध संगमरवरी शिल्प, रोममधल्या काराकल्लाच्या स्नानगृहांत सोळाव्या शतकात सापडलं. शेजारी दमलेला हर्क्युलिस, उंची तीन मीटरच्या वर. त्याच्या मागे जा. पाठीमागे धरलेल्या हातात सफरचंदं आहेत, ती समोरून दिसतच नाहीत.

मधल्या मजल्यावर मोझेक. अलेक्झांडरच्या मोझेकमध्ये सुमारे १५ लाख तुकडे आहेत असं सांगतात. राजांकडे सगळे बघतात. तुम्ही खाली बघा. एक इराणी सैनिक पडलाय आणि रथाखाली चिरडायच्या आधी स्वतःचा चेहरा ढालीत बघतोय. दगडाच्या तुकड्यांनी प्रतिबिंब काढलंय, दोन हजार वर्षांपूर्वी. २०२१ मध्ये त्याच्या संवर्धनाचं काम हाती घेतलं, तेव्हा सध्या कितपत बघायला मिळतं ते निघण्याआधी पाहून घ्या. त्या दिवशी कोणती दालनं उघडी आहेत तेही तिकीट काढतानाच विचारा.

आणि ज्यासाठी मराठी माणसाने इथे जायलाच हवं ती वस्तू म्हणजे हस्तिदंताची छोटी भारतीय बाई. १९३८ मध्ये पुरातत्त्वज्ञ अमेदेओ मायुरी यांना पॉम्पेईच्या एका घरात सापडली. उंची वीतभर. अंगावर वस्त्र जवळपास नाही, पण बांगड्या, पैंजण, कंबरपट्टा सगळं ठसठशीत. दोन बाजूंना दोन छोट्या दासी, हातात प्रसाधनाची पात्रं. डोक्यातून खाली भोक पाडलंय, म्हणजे ती आरशाची मूठ असावी किंवा एखाद्या लाकडी सामानाचा पाय. व्हेसुव्हियस इ.स. ७९ मध्ये फुटला, म्हणजे ती त्याआधी भारतातून तिथे पोचलेली. 'पॉम्पेईची लक्ष्मी' म्हणून प्रसिद्ध आहे, पण बहुतेक अभ्यासक यक्षी मानतात. अशाच हस्तिदंती बायका आपल्याकडे जालना जिल्ह्यात भोकरदनला आणि धाराशिव जिल्ह्यात तेरला सापडल्या आहेत.

निळाई

खापरतुकडा, ही लक्ष्मी कुठल्या खोलीत असते तेही सांगा की! नाहीतर मी सांगते.

आम्ही सासूबाईंना मोठ्या कौतुकाने 'चला, परदेशातली लक्ष्मी दाखवतो' म्हणून नेलं. बाण बघत बघत चाललो. नवरा पुढे, सासूबाई मागे, मी सगळ्यात मागे. दारावर लिहिलं होतं 'गाबिनेत्तो सेग्रेतो'. नवरा म्हणाला, काहीतरी खास दालन असेल. खासच होतं.

सासूबाई पहिल्या कपाटासमोर थांबल्या. दुसऱ्या कपाटासमोर थांबल्या. मग पॅन देव आणि शेळी यांचं जे शिल्प आहे त्याच्यासमोर येऊन म्हणाल्या, "हे लोक इतके श्रीमंत होते आणि यांना दुसरा काही उद्योग नव्हता का गं?" नवरा तोवर बाहेर पळालेला. आम्ही दोघींनी लक्ष्मी शोधली, नीट बघितली, सासूबाईंनी तिथेच नमस्कार केला आणि बाहेर येऊन लेकाला म्हणाल्या, "ये आता, संपलं."

रस्सेदार

निळाईताई, साष्टांग. हसून हसून ऑफिसात बदनाम झालो.

खापरतुकडा

मुद्दाम राखून ठेवलं होतं, निळाईताईंनी फोडलं. :-)

ती खोली ('गाबिनेत्तो सेग्रेतो' म्हणजे गुप्त दालन) हाच एक इतिहास आहे. पॉम्पेईतून असल्या कामुक वस्तू निघायला लागल्यावर राजघराण्याची पंचाईत झाली. १८१९ मध्ये युवराज फ्रान्सिस बायको आणि मुलीला घेऊन संग्रहालयात आला, हे सगळं बघितलं आणि कुलूप लावायचा हुकूम दिला. १८४९ मध्ये तर दार विटांनी बुजवलं. १८६० मध्ये इटलीच्या एकीकरणाचा सेनानी गॅरिबाल्डी नेपल्समध्ये आला तेव्हा उघडलं, मग पुन्हा बंद, पुन्हा उघडं. सर्वांसाठी कायमचं खुलं झालं ते २००० साली.

गंमत म्हणजे त्यातल्या बऱ्याच वस्तू चावट म्हणून केलेल्याच नव्हत्या. दारावर, दुकानात टांगलेल्या त्या पंखवाल्या लिंगांच्या घंटा म्हणजे तिथली लिंबू-मिरची. दृष्ट लागू नये म्हणून. आणि बाहेर आलात की गल्लोगल्ली लाल रंगाची शिंगं विकायला असतात, किल्लीला अडकवायला, गळ्यात घालायला. तीही दृष्टीसाठीच. धंदा त्याच गावात चालू आहे.

पायवाट

मुलाला बाहेर बसवावं लागेल का मग?

निळाई

पालकांबरोबर नेता येतं. पण बारा वर्षांचा मुलगा आणि आजी एकाच वेळी, हे माझ्याच्याने झालं नसतं. एकेकाला पाठव.

तगरवासी

या धाग्यावर तेरचं नाव वाचून खातं उघडलं. मी तेरचा. भोकरदनचं नाव आधी आणि आमचं नंतर का घेतलं, हा पहिला आक्षेप. :-)

'पेरिप्लस' या पहिल्या शतकातल्या ग्रीक खलाशी-व्यापाऱ्याच्या वर्णनात दोन गावं आहेत: पैठण, आणि पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर, 'फार मोठं शहर'. तगर म्हणजे तेर. तिथून माल गाड्यांवरून भडोचला जायचा आणि तिथून जहाजाने. मग ती बाई आमच्याकडचीच कशावरून नाही? आमच्या गावात रामलिंगप्पा लामतुरे यांनी आयुष्यभर वेचून जमवलेल्या वस्तूंचं सरकारी संग्रहालय आहे. तिथली हस्तिदंती बाई बघा आणि मग नेपल्सची बघा. आम्ही लहानपणी पांढरीच्या मातीत मणी शोधायचो, पाऊस पडून गेला की वर येतात. तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं की याचं दुसरं टोक इटलीत आहे.

खापरतुकडा

तगरवासी, स्वागत. आक्षेप मान्य, पण निकाल तुमच्या बाजूने देता येणार नाही. नेपल्सच्या मूर्तीच्या पायथ्याशी खरोष्ठी अक्षर आहे आणि खरोष्ठी ही वायव्येकडची लिपी. अफगाणिस्तानात बेग्रामला सापडलेल्या हस्तिदंतांशीही तिचं साम्य दाखवतात. दख्खनमध्ये घडली आणि वायव्येच्या व्यापाऱ्याच्या हातातून गेली, असंही असू शकतं. भोकरदनचा तुकडा कमरेखालचाच उरलाय, पण पाय, पैंजण, बाजूच्या दासी यांची ठेवण नेपल्सच्या बाईच्या फार जवळची आहे. म्हणून त्याचं नाव आधी घेतलं.

आणि ती मूर्ती बाहेरगावीही जाते. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आरंभीच्या बौद्ध कलेचं प्रदर्शन होतं, तिथे होती.

उलटा प्रवासही झालाय हं. कोल्हापूरला ब्रह्मपुरीच्या टेकाडात ग्रीक समुद्रदेव पोसायडनची रोमन ब्राँझ मूर्ती सापडली, ती टाऊन हॉलच्या संग्रहालयात आहे. कोल्हापूरकरांपैकी किती जणांनी बघितली आहे?

रस्सेदार

कोल्हापूरचा आहे. टाऊन हॉलच्या बागेत शेकडो वेळा भेळ खाल्ली आहे. आत गेलेलो नाही. पुढचं विचारू नका.

चिंबोरी

धागा शाकाहारात अडकलाय म्हणून आमच्यासारख्यांसाठी चार शब्द.

त्याच मोझेकच्या दालनात समुद्राचं एक मोझेक आहे. मधोमध आठ पायांचा ऑक्टोपस शेवंडाला विळखा घालून बसलाय. भोवती मासेच मासे, कोळंबी, शिंपल्या, सापासारखी मोरे. मालवणच्या माणसाला नाव विचारायची गरज पडत नाही, एकेक माशाचे खवले, कल्ले, डोळा सगळं बरोबर. काढणारा माणूस बाजारात बसून काढत असणार. मी तिथे एवढा वेळ उभा राहिलो की बायको पुढची दोन दालनं करून परत आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पिन्यासेक्का बाजारात गेलो. निळ्या टबात जिवंत ऑक्टोपस, बर्फावर मोरे, शिंपल्यांवर सतत पाण्याची धार. कालचं मोझेकच मांडून ठेवलेलं. कोळीण ओरडत होती तो सूर तेवढा आपला नव्हता. तिथेच कागदाच्या सुरळीत तळलेले छोटे मासे देतात, 'कुओप्पो'. लिंबू पिळायचं आणि डोक्यासकट खायचं.

वांगीभात

रेनेटवरून निघालेला धागा जिवंत ऑक्टोपसवर आला. धन्य.

दुर्बीण

खाण्याचा आणि संग्रहालयाचा विषय एकत्र आलाच आहे तर पाव विसरू नका. पॉम्पेईतल्या एका बेकरीच्या भट्टीत ८१ पाव जसेच्या तसे सापडले होते, कोळसा झालेले. संग्रहालयात पॉम्पेईबरोबरच गाडल्या गेलेल्या हर्क्युलेनियम या गावाचा एक गोल पाव आहे, आठ फाकांच्या खुणा पाडलेला, आणि त्यावर शिक्का: क्विंटस ग्रानियस वेरसचा गुलाम केलेर याचा. एका गुलामाचं नाव पावामुळे टिकलं.

उगाचच

आणि तो पिझ्झा? २०२३ मध्ये पॉम्पेईत भिंतीवर पिझ्झाचं चित्र सापडलं म्हणून व्हॉट्सॅपवर धुमाकूळ होता.

मिलानची_मावशी

पिझ्झा नव्हे. चांदीच्या तबकात चपटा पाव, त्यावर फळं, शेजारी वाइनचा पेला. इटलीच्या सरकारनेच सांगितलं की टोमॅटो आणि मोझारेला नसताना पिझ्झा म्हणता येत नाही. टोमॅटो अमेरिकेतून यायला अजून दीड हजार वर्षं होती. १८८९ मध्ये राणी मार्गारीटासाठी पहिली मार्गारीटा केली ही गोष्टसुद्धा दुकानदार जितक्या छातीठोकपणे सांगतात तितकी पक्की नाही.

बरं, कॉफी राहिली. उभ्याने प्यायची, बसलात की जास्त पैसे. आधी पाणी देतात, ते कॉफीच्या आधी प्यायचं. काही ठिकाणी 'सोस्पेझो' असते: तुम्ही दोन कॉफींचे पैसे द्यायचे, एक प्यायची, दुसरी नंतर येणाऱ्या गरजूसाठी. हॉटेलच्या बिलात 'कोपेर्तो' म्हणून माणशी एक-दोन युरो लावतात, ती फसवणूक नाही, बसण्याचा आकार. आणि रात्रीचं जेवण साडेसातच्या आधी मागू नका, स्वयंपाकघर बंद असतं. आईंसाठी त्या वेळेला स्फोलियातेल्ला घ्या, आत रिकोटा आणि संत्र्याची साल. मात्र त्याच्या सारणात अंडं आणि पापुद्र्यांत चरबी असू शकते, दोन्ही विचारा.

जोशीकाका

पायवाट, तुमच्या आईंसाठी एक गंभीर सूचना. पॉम्पेईचे रस्ते म्हणजे भले मोठे उंचसखल दगड, मध्ये गाडीच्या चाकोऱ्या. माझ्या बायकोचा पाय मुरगळला. सावली नाही. त्यापेक्षा हर्क्युलेनियम करा. लहान आहे, दोन-तीन तासांत होतं, लाकडी तुळया, दारं, पलंगसुद्धा कोळसा होऊन टिकलेत. पॉम्पेईत हे बघायला मिळत नाही.

दुर्बीण

काका, नेपल्स गलिच्छ म्हणणारे तुम्ही, आणि या धाग्यावरची सगळ्यात चांगली सूचना तुमची.

खापरतुकडा

+१. गारिबाल्दी स्थानकातून चिर्कुमवेझुवियाना लोकल दोन्हीकडे जाते. हर्क्युलेनियमसाठी एर्कोलानो स्काव्ही, पॉम्पेईसाठी पोम्पेई स्काव्ही. नुसतं 'पोम्पेई' नावाचं दुसरं स्टेशन नव्या गावात आहे, तिथे उतरलात तर चाल जास्त पडेल. गर्दी असते, पाकीट पुढच्या खिशात. पॉम्पेईला आता दिवसाला २० हजारच लोक सोडतात, तिकीट आधी काढा.

पायवाट

जाऊन आलो! सगळ्यांचे आभार, आणि मोबदला म्हणून वृत्तांत.

आधी संग्रहालय केलं. मेट्रोच्या म्युझिओ स्टेशनवरच हर्क्युलिसची नक्कल उभी आहे, लेकाने तिथेच मागे जाऊन सफरचंदं तपासली. अलेक्झांडरबद्दल मी काही लिहीत नाही, प्रत्येकाने आपापलं बघावं.

त्या खोलीत आम्ही पाळी लावून गेलो. आई आणि मी एकत्र. आईने बाकी कपाटांकडे ढुंकूनही बघितलं नाही, सरळ हस्तिदंतापाशी. चष्मा वर करून, काचेला नाक टेकवून दागिने मोजले. म्हणाली, "एवढ्या बांगड्या घालून ही बाई काम करणारी नव्हे. कामाच्या त्या बाजूच्या दोघी." मग दासींच्या हातातल्या पात्रांकडे बोट दाखवून म्हणाली, एकीकडे काजळ आणि दुसरीकडे कुंकू असणार. खापरतुकडा, शास्त्रीयदृष्ट्या काय ते तुम्ही बघा.

पावापाशी ती त्याहून जास्त वेळ उभी होती. भट्टीतून काढायचा राहिला तो राहिलाच, असं काहीतरी पुटपुटत होती.

दुसऱ्या दिवशी जोशीकाकांचं ऐकून फाटाफूट केली. नवरा आणि मुलगा पॉम्पेईला, आई आणि मी आधीच्या स्टेशनवर उतरून हर्क्युलेनियमला. ते दोघे संध्याकाळी धुळीने माखलेले, उन्हाने लाल, पायाचे तुकडे पडलेले. आम्ही दुपारी झोप काढून ताज्यातवान्या. काका, आईकडून तुम्हाला खास नमस्कार.

जेवण: 'व्हिया देई त्रिबुनाली' या रस्त्यावरच्या पिझ्झाच्या दुकानात रांग होती, नाव देऊन थांबलो. आईने मरिनारा मागवली. पहिल्या घासाला काही बोलली नाही. मग म्हणाली, "यात काहीच घातलेलं नाही." मला वाटलं, झालं, आता कुरकुर. तर अख्खी संपवली आणि ताटलीतलं टोमॅटोचं तेल कडेने पुसून खाल्लं. दुसऱ्या रात्री पुन्हा तीच. फ्रियारिएल्ली एकटी मागवली, वेटरने दोनदा खात्री केली की सॉसेज खरंच नकोय. पोह्यांचं पाकीट फुटलं नाही.

एक तक्रार. एका मिठाईच्या दुकानात स्फोलियातेल्लामध्ये चरबी आहे का विचारलं तर पोराने 'नो, नो' म्हटलं आणि शेजारच्या गिऱ्हाइकाने हसत 'सी, सी' म्हटलं. घेतली नाही. आईला संत्र्याच्या वासाची अजून हळहळ आहे.

खापरतुकडा

काजळ-कुंकू सिद्ध करता येणार नाही, पण प्रसाधनाची पात्रं हे आम्हीही मानतो. तुमच्या आईंनी मालकीण आणि दासी हा फरक बांगड्यांवरून लावला, तो आम्हाला वर्गात आकाराच्या लहानमोठेपणावरून शिकवतात.

तगरवासी

आईंना तेरला घेऊन या. गोरोबाकाकांचं देऊळ, त्रिविक्रमाचं विटांचं जुनं मंदिर आणि संग्रहालय, सगळं चालत होतं. जेवणाची सोय माझ्याकडे, ज्वारीची भाकरी आणि शेंगाची चटणी, चरबीचा प्रश्न नाही.

चिंबोरी

पिन्यासेक्काला गेला होता की नाही?

पायवाट

नवरा आणि मुलगा गेले. मुलाने कुओप्पो खाल्ला आणि आजीला सांगितलं की भजी होती.

जोशीकाका

नमस्कार पोचला. पाय मुरगळल्याचं सार्थक झालं. पुढच्या वर्षी मुलगा आम्हाला पुन्हा नेतोय. नेपल्समध्ये राहावं म्हणतो. याखेरीज जवळपास काय बघावं? गर्दी नको.

मिलानची_मावशी

काका, पाएस्तुम! नेपल्सहून दक्षिणेला आगगाडीने तासाभराहून थोडं जास्त. तीन ग्रीक मंदिरं, पॉम्पेईतल्या घरांपेक्षाही जुनी, आणि शेजारीच संग्रहालय. तिथे १९६८ मध्ये सापडलेलं एका थडग्याचं झाकण आहे, आतल्या बाजूला पाण्यात सूर मारणारा एकटा माणूस रंगवलाय. आणि आजूबाजूला म्हशींचे गोठे, तिथेच सकाळी काढलेली मोझारेला त्याच दिवशी खायची. फ्रीजमध्ये ठेवलेली दिली तर घेऊ नका.

वांगीभात

पुन्हा चीज! मावशी, त्या म्हशींची वासरं कुठे जातात ते पण लिहा.

मिलानची_मावशी

वांगीभात, त्याला वेगळा धागा काढा. मी येते भांडायला.